तिसऱ्या नंबरचा प्लग

एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी बत्तीस वर्षं गेली, पण त्यात स्पार्क प्लगशी कधी गाठ पडली नाही. आमच्या गाड्या डिझेलच्या. डिझेल इंजिनात हवाच इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनं इंधन आपोआप पेटतं. पेट्रोलला मात्र कुणीतरी काडी लावावी लागते. ते काम प्लगचं. ही विद्या मी निवृत्तीनंतर शिकलो आणि पहिली फी चांगलीच भरली. एका मित्राच्या जुन्या गाडीचा प्लग गरम इंजिनावरच, लांब दांड्याच्या पान्यानं काढायला गेलो. हाताला सवय बसच्या चाकाचे नट उघडायची! प्लग निघाला, पण हेडमधले अॅल्युमिनियमचे आटेही त्याच्याबरोबर गुंडाळून बाहेर आले. पुढे नवे आटे पाडून बुश बसवावा लागला. तो खर्च मी दिला आणि मित्रानंही आढेवेढे न घेता घेतला.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात पुतणीचा फोन आला, तेव्हा मी आधी तिला थांबवलं. ती पुण्याला निघाली होती. पोफळीच्या पुढे कुंभार्लीचा चढ लागला आणि गाडी झटके द्यायला लागली.

"काका, पिकअपच नाहीये. आणि तो इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतोय."

"लुकलुकतोय की नुसता लागलाय?"

"लुकलुकतोय."

"मग पुढे नको जाऊस. बाजूला घे."

हा फरक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. दिवा नुसता लागलेला असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. ते सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो भयंकर तापून आतून वितळू शकतो. त्याच्या किमतीत प्लगांची पोती येतील.

गाडी टो करून चिपळूणला घरी आणली. चालू केली तर बॉनेट हलत होतं. यालाच गॅरेजमध्ये 'गाडी मिसिंग मारते' म्हणतात. तीन सिलिंडरचं इंजिन. तिघांनी उचललेल्या ओझ्याखालून एकानं खांदा काढून घ्यावा, तसं होतं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडावी लागते. एखादी चुकली की क्रँक शाफ्टचा वेग क्षणभर मंदावतो. सेन्सर ते टिपतो आणि गाडीतला संगणक गुन्हेगाराचा नंबर लिहून ठेवतो. स्कॅनर जोडला, तर पी ०३०३ आला. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसरा.

इथे बहुतेक जण सरळ तिन्ही प्लग, तिन्ही कॉइल नव्या घालतात. गाडी सुरू होते, पण काय बिघडलं होतं ते कळतच नाही. मी इंजिन बंद करून तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली, कोड पुसला आणि पुन्हा चालू केलं. कोड पी ०३०१ झाला असता, तर दोष कॉइलबरोबर फिरला असं ठरलं असतं. तो तिसऱ्यावरच राहिला. मग पुढचा संशय प्लगवर. त्यानंतर इंजेक्टर, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन.

पहिले दोन प्लग सहज निघाले. टोक फिकट तपकिरी, कोरडं. म्हणजे तिथलं जळण व्यवस्थित. काळी सुकी काजळी असती तर पेट्रोल जास्त, ओला तेलकट थर असता तर आतून तेल येतंय, आणि पांढरंफटक असतं तर सिलिंडर फार तापतोय, असं मानलं असतं.

तिसऱ्याच्या खोबणीत बॅटरी लावून पाहिलं, तर तळाशी तांबूस पाणी! अशा वेळी प्लग काढला तर ते गंजाचं पाणी थेट सिलिंडरमध्ये. आधी इंजेक्शनच्या सिरिंजला बारीक नळी लावून पाणी ओढलं, स्क्रू ड्रायव्हरला चिंधी गुंडाळून कोरडं केलं आणि टायरच्या पंपानं हवा मारली. मग गंज सोडवणारं तेल चार थेंब, आणि रात्रभर तसंच ठेवलं. पुतणीची दुसऱ्या दिवशीची मीटिंग बुडाली.

सकाळी थंड इंजिनावर पाना लावला. प्लगच्या पान्याला आतून रबर हवं आणि तो सरळ बसायला हवा. जरा तिरपा ओढला की पांढरी चिनीमाती तडकते. पहिला 'कट्ट' आवाज आला. तो चांगला. पण पाव फेऱ्यात पाना जड व्हायला लागला, आणि ती खरी धोक्याची खूण. सुटलेला प्लग पुढे हलका व्हायला हवा. जड होतोय म्हणजे गंज नाहीतर काजळी आट्यांत अडकून मऊ अॅल्युमिनियम खरवडतेय. तिथे जोर लावला की मित्राच्या गाडीचं झालं तेच. मी उलट थोडा आवळला, पुन्हा तेल सोडलं, चहा घेतला. पाव फेरा बाहेर, थोडा आत, तेल, आणि वाट. असं करत सव्वा तास लागला. पुतणी दोनदा विचारून गेली, "अजून तोच?"

निघालेल्या प्लगच्या चिनीमातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलीनं ओढावी तशी काळी रेघ होती. वीस-वीस हजार व्होल्टचा दाब, तो सोपी वाट शोधणारच. टोकाच्या जेमतेम मिलिमीटरभर फटीतून उडी मारण्याऐवजी तो ओल्या बाहेरच्या अंगानं हेडमध्ये उतरत होता. वरच्या रबरी बुटाच्या आत तशीच रेघ सापडली, म्हणून तोही बदलला. नाहीतर त्यानं नव्या प्लगलाही तीच वाट दाखवली असती.

नवे प्लग बसवताना पाना शेवटी. चिनीमातीवर रबरी नळीचा तुकडा घालून बोटांनी फिरवायचं. आटा चुकला तर नळीच घसरते. पुरता टेकल्यावर मग पान्यानं, मॅन्युअलमध्ये दिलं असेल तेवढंच आवळायचं. आट्यांना ग्रीस फासायची अनेकांना सवय असते. हल्लीच्या प्लगांना गंजरोधक मुलामा असतो. वर ग्रीस लावलं की पाना हलका फिरतो आणि नकळत जास्त आवळलं जातं.

राहिला प्रश्न पाण्याचा. वायपरखालची जाळी काढली, तर निचऱ्याचं भोक फणसाच्या पानांनी गच्च बुजलेलं. पुतणी कामासाठी परदेशी होती, तेव्हा जूनपासून गाडी आमच्या अंगणात, फणसाखाली उभी होती. मीच लावली होती तिथे, सावली म्हणून. पावसाचं पाणी जाळीत तुंबून नेमकं तिसऱ्या प्लगवर ठिबकत राहिलं.

फणसाला हात लावायचा नाही, असं घरातून बजावलं गेलं आहे. गाडी आता रिकाम्या गोठ्यात असते.