बिनतारी बेल का वाजत नाही?

हल्ली पुष्कळ घरांत बिनतारी वस्तू आल्या आहेत. दाराची बेल, टाकीतले पाणी दाखवणारे यंत्र, मोटर चालूबंद करायचा रिमोट. तार ओढावी लागत नाही, म्हणून लावायला सोपे. पण या वस्तू कधी कधी एकमेकींच्या आड येतात. ते कसे, ते मी लिहीत आहे.

आमच्या आजीला अर्धांगवायू झाला आहे. तिला मोठ्याने हाक मारता येत नाही. म्हणून तिच्या उशाशी बेलचे बटण ठेवले आहे. ते दाबले की बेल वाजते आणि आई उठते. ही बेल दिवसभर नीट वाजायची, पण पहाटे कधी वाजायची, कधी नाही. आजी बिचारी दाबून दाबून दमायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, मोबाईलच्या टॉवरमुळे होतंय. आबा म्हणाले, हे सगळं त्या वायफायमुळं. माझा आतेभाऊ आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याला आम्ही दादा म्हणतो. तो सुट्टीला आला तेव्हा त्याने कारण शोधले, आणि मी त्याच्या हाताखाली होते.

बेलच्या बटणात १२ व्होल्टची बारकी बॅटरी असते. बटण दाबले की त्यातून रेडिओ लहरी निघतात. त्या सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. त्या भिंतीतून जातात, पण पत्रा आडवा आला की अडतात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याला अशाच न दिसणाऱ्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. तेव्हा हवेत आजच्यासारखी लहरींची गर्दी नव्हती!

आमच्या बेलवर ४३३.९२ मेगाहर्ट्झ असे छापले आहे. म्हणजे तिची लहर एका सेकंदात ४३ कोटी ३९ लाख २० हजार वेळा हलते. एका लहरीची लांबी ६९ सेंटिमीटर. आपल्या दोन फूटपट्ट्या जोडल्या तर ६० होतात, त्याहून थोडी जास्त. वायफायच्या लहरी २४०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या असतात, म्हणून त्यांची आणि बेलची गाठच पडत नाही. मोबाईलच्या लहरीही वेगळ्या. टीव्हीचा रिमोट तर न दिसणाऱ्या उजेडावर चालतो. म्हणजे आबांचा आणि काकूंचा संशय खोटा ठरला. (आबांना अजून पटलेले नाही.)

मग आड कोण येत होते? दादाने टाकीच्या झाकणावरचे यंत्र उलटे करून पाहिले. त्यावरही ४३३.९२ च लिहिलेले! ते यंत्र पाणी किती आहे ते स्वयंपाकघरातल्या डब्याला कळवते. पाणी स्थिर असेल तर ते क्वचित बोलते. पण पाणी चढायला लागले की सारखे बोलत राहते. आमच्या गावाला नळाचे पाणी पहाटे येते, आणि तेव्हाच आम्ही मोटर लावतो.

आपल्या शाळेत तिसरी आणि चौथी एका खोलीत बसतात. तिसरीवाले पाढे म्हणत असताना आमची कविता सुरू झाली तर बाईंना दोन्ही कळत नाही. तसेच हे. प्रत्येक बटण आपला एक गुप्त आकडा पाठवते. तो ओळखला तरच बेल वाजते. पण दोन आकडे एकदम आले की त्यांची खिचडी होते आणि बेल गप्प बसते. स्वस्तातली यंत्रे नुसती बोलतात, दुसरा बोलतोय का ते ऐकत नाहीत. ब्लूटूथ हुशार असते. ते एका सेकंदात १६०० वेळापर्यंत आपली जागा बदलते.

तरी मोटरच्या ठिणग्यांमुळे होत असेल, अशी दादाला शंका होती. म्हणून आधी टाकीच्या यंत्राची बॅटरी काढून मोटर चालू केली. दादाने आजीजवळचे बटण २० वेळा दाबले. बेल २० वेळा वाजली. मोटर निर्दोष! मग मोटर बंद केली, यंत्रात बॅटरी घातली आणि स्लॅबवर टाकीशेजारी बादली ठेवून ते तिच्या तोंडावर बसवले. मी तांब्याने पाणी ओतत होते आणि आई खाली मोजत होती. २० पैकी ११ वेळाच वाजली.

बेल जिन्यात टांगलेली होती. तिथून टाकी जवळ आणि आजी लांब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरीचा जोर चौथा हिस्सा उरतो. म्हणजे जवळच्याचा आवाज मोठा. दादाने बेल आजीच्या शेजारच्या खोलीत आणली. पुन्हा बादली, पुन्हा तांब्या. आता १९ वेळा वाजली. मला तर आनंद झाला. पण आई म्हणाली, "ती एकदा नाही वाजली, नेमकी तेव्हाच आजी पडली तर?"

म्हणून टाकीचे बिनतारी यंत्र काढून टाकले आणि तारेचा फ्लोट बसवला. तार ओढायला अर्धा दिवस गेला. मग मोटर चालू ठेवून आम्ही ४० वेळा बटण दाबले. बेल ४० वेळा वाजली. शेवटी आजीच हसून म्हणाली, "पुरे आता, बॅटरी संपवाल!"

ज्यांच्या घरी आजारी माणसाजवळ अशी बेल आहे, त्यांनी मोटर चालू असताना, पाणी चढत असताना बटण दाबून पाहा. नुसते दुपारी दाबून काही कळत नाही.