काळी मेहंदी काळी कशाने होते?

आम्ही गिरगावातल्या फणसवाडीच्या बायका. गणपतीला गावी येताना आमच्या पिशव्यांत काळ्या मेहंदीची पाकिटं असतातच. तुम्हीच मागवता, आणि आम्हीही तीच लावतो. तर आज त्या काळ्या रंगाविषयी बोलू.

मेहंदीचा पाला केशरी रंगतो, तांबूस रंगतो, फार तर मरून. काळा कधीच नाही. पाकिटातला काळेपणा बहुधा पॅरा-फेनिलीन-डायअमाइनचा असतो. त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. हे अमाइन कुळातलं रसायन. हे कूळ तुमच्या ओळखीचंच आहे, कारण शिळ्या मासळीचा उग्र वास अमाइनचाच. लिंबू किंवा कोकमाचं आगळ चोळलं की आंबटाशी त्याचं लवण बनतं आणि वास दबतो. याच कुळातलं अनिलीन १८२६ साली पहिल्यांदा निळीपासून काढलं, म्हणून नावातही नीळ आली. आपल्या रायगड जिल्ह्यात, रसायनीला, हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या सरकारी कारखान्यात ते बनत असे. रंग, औषधं, रबर, सगळीकडे हे कूळ लागतं. पीपीडीपासून केलेला धागा तर बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटात असतो.

पीपीडी मूळचं पांढरं. हवा लागली की चिरलेल्या वांग्यासारखं काळवंडतं. केसात आधी शिरतं, मग आतच काळं होऊन अडकतं. म्हणून ते धुऊन जात नाही.

पण काहींच्या कातडीला ते सोसत नाही. खाज सुटते, फोड येतात, डोळे सुजून मिटतात. दहा वेळा काही झालं नाही तरी अकराव्यांदा होऊ शकतं, आणि एकदा बाधलं की बहुधा कायमचं. लग्नात हातावर काळी मेहंदी काढतात ते आम्हाला मुळीच पसंत नाही.

अशा कलपाच्या पाकिटावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे: आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. कानामागे ठिपका लावून २४ तास थांबा असं सांगतात. आम्ही म्हणतो दोन दिवस थांबा, कारण पुरळ उशिराही उठतं.

पाकीट पोरांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलं तर घसा सुजून श्वास कोंडतो, लघवी काळी होते, मूत्रपिंडं निकामी होतात. त्यावर नेमका उतारा नाही. उलटी काढत बसू नका, गाडी बोलवा, थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि रिकामं पाकीट डॉक्टरांना दाखवा.