प्लॅस्टिकचे गांडूळ आणि चकलांब्याची मरळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी, चकलांब्याच्या आमच्या जुन्या घरात, भाच्याने आपली अमेरिकेची पेटी उघडली आणि पुरणाची डाळ निवडत बसलेल्या वहिनी सूप टाकून उठल्या. कपड्यांच्या घडीवर जांभळी, काळी, हिरवी, वीतभर लांब गांडुळे वेटोळी घालून पडली होती!

“मामी, घाबरू नका. प्लॅस्टिकची आहेत,” भाचा म्हणाला.

दादांनी एक गांडूळ चिमटीत धरून उजेडाकडे नेले. ते लुसलुशीत होते, थरथरत होते, आणि त्याच्या अंगाला बडीशेपेसारखा वास येत होता. “केवढ्याला पडले?” भाच्याने किंमत सांगितली. दादांनी डॉलरचे रुपये केले, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अरे, आमच्या उकिरड्यात एवढ्या पैशांत बैलगाडी भरून खरी निघाली असती.”

आमचा हा भाचा टेक्सासमध्ये डॅलसला असतो. आठवडाभर संगणकापुढे बसायचे आणि शनिवारी पहाटे गाडीला होडी जोडून तळे गाठायचे, असा त्याचा क्रम. तो फक्त एकाच माशामागे जातो. त्या माशाचे नाव बास. हिरवट अंगाचा, मोठ्या तोंडाचा हा शिकारी मासा तिकडच्या गोड्या पाण्यात सर्वत्र आढळतो. त्याच्या वजनाचे विक्रम लोकांना क्रिकेटच्या धावांसारखे पाठ असतात. जॉर्जिया राज्यात १९३२ साली एका तरुणाने सव्वाबावीस पौंडांचा बास धरला, त्याची गोष्ट भाच्याने आम्हाला अशी रंगवून सांगितली की जणू हा त्या होडीत शेजारी बसला होता.

या माशाला भुलवण्यासाठी प्लॅस्टिकचे गांडूळ निघाले, त्याचीही कथा मोठी मौजेची आहे. ओहायो राज्यातले ॲक्रन म्हणजे टायर-रबराच्या कारखान्यांचे शहर. तेथे निक क्रीम नावाचा एक मासेमारीचा वेडा राही. खऱ्या गांडुळाची अडचण अशी की गळ दूर भिरकावला की ते निसटते, आणि माशाने एक लचका तोडला की संपते. क्रीमसाहेबांनी खऱ्या गांडुळावरून साचा केला आणि घरच्या चुलीवर विनाइल, तेल आणि रंग यांचे मिश्रण शिजवून त्यात ओतू लागले. घरातल्या बाईचे त्या वासाने काय झाले असेल, हा प्रश्न वहिनींनी लगेच विचारला. पण क्रीमबाई स्वतःच या उद्योगात सामील होत्या! १९४९ साली त्यांना हवे तसे मऊ गांडूळ साधले. पुढे धंदा वाढला आणि त्यांनी टेक्सासमधल्या टायलर गावी कारखाना काढला.

टेक्सासच्या नावाने गांडूळ ओवण्याची एक पद्धतच प्रसिद्ध आहे. भाच्याने ओसरीवर बसून ती मला करून दाखवली. दोऱ्यात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे एक वजन सैल ओवायचे, मग गळ बांधायचा. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात खुपसून जरा खाली बाहेर काढायचे, गळ उलटा फिरवायचा आणि ते टोक पुन्हा गांडुळाच्या अंगातच लपवायचे. आता हे आमिष काट्याकुट्यातून, शेवाळातून ओढा, कोठेही अडकत नाही. बास दडून बसतो तो अशाच अडचणीत. आणि तो आमिष चावत नाही. तोंड एकदम उघडतो, तेव्हा पाण्याबरोबर आमिषही आत ओढले जाते. फसवणूक कळली की तितक्याच चपळाईने तो ते बाहेर फेकतो. त्यामुळे गळ टाकणाऱ्याचा सारा जीव बोटाच्या पेरात असतो. दोऱ्यातून एखादी बारीक टकटक आली की हिसका द्यायचा. क्षणभर उशीर झाला की मासा गेला.

“आणि धरल्यावर?” दादांनी विचारले.

“सोडून देतो.”

“सोडून देतोस? मग धरतोस कशाला?”

भाचा हसला. त्याने सांगितले की तिकडे रे स्कॉट नावाच्या गृहस्थांनी बासच्या मोठमोठ्या स्पर्धा सुरू केल्या, आणि १९७२ पासून त्यांनीच ‘धरलेला मासा मारू नका’ अशी चळवळ चालवली. आता जिवंत मासा तोलायचा आणि पाण्यात सोडायचा, हाच शिष्टाचार. “मामा, आजवर मी शेकडो मासे धरले असतील, पण मारला एकही नाही,” हे त्याने थोड्या अभिमानाने सांगितले. श्रावणाचा तो शेवटचा दिवस जायचा असल्यामुळे वहिनींनाही हा धर्म पसंत पडला.

हा छंद साहेबांनी आपल्याकडे आणला असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. पण कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींचे जे प्रकार आहेत, त्यांत मत्स्यविनोद म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. मासे कोणते, दोरी कशी, काठी कशी, कोणत्या माशाला कसला चारा घालून वश करावे, सगळे सांगितलेले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. आमचा मराठवाडा त्या काळी याच चालुक्यांच्या राज्यात होता. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, “प्लॅस्टिकचे गांडूळ आहे का त्यात?” अमेरिकेत राहून माणूस फार व्यवहारी होतो.

आता बास चकलांब्यात कोठून असणार? पण तसाच मासा आमच्याकडे आहे आणि तो म्हणजे मरळ. लांब गोल अंग, सापासारखे चपटे डोके, मोठे तोंड. बासप्रमाणेच तीही झुडपाखाली दबा धरून बसते. शिवाय तिला केवळ कल्ल्यांवर भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. बाजारात घमेल्यातल्या चार बोटे पाण्यात ती तासन्‌तास जिवंत राहते ती यामुळेच. लहानपणी मी गांडूळ लावून मोरपिसाच्या देठाची तरंगी सोडून बसत असे, पण मला मिळत त्या खवल्या-चिंगळ्या. मरळ कधी लागली नाही. तेव्हा भाच्याच्या त्या पाकिटाकडे मी किती आशेने पाहत असेन ते ओळखावे.

गावाच्या शिवारात एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात तो दुष्काळी कामावर खोदला गेला. माझ्या आठवणीत तो तलाव म्हणजे उन्हात खडी फोडणारी माणसे आणि पोरांच्या हातात सुकडी. कित्येक उन्हाळे त्यात पाणी नव्हते, पण यंदा पोळ्याला तो चांगला अर्धा भरला होता. कडेने बेशरमीची दाट झुडपे पाण्यात उभी होती. भाचा म्हणाला, “मामा, आमच्या तळ्यावर बास नेमका अशाच जागी असतो.”

दोन तास आम्ही जागा बदलत राहिलो. बेशरमीच्या बुंध्याशी गांडूळ पडे, तळाला बसे, काठीच्या टोकाने ते इंचभर उचलले जाई, पुन्हा बसे. एकदा टकटक झाली आणि गांडुळाचे शेपूट तुटून आले. एक अख्खे गांडूळ झुडपात अडकून दोरा तुटला.

मग भाच्याने माझा दंड धरला. समोर दहा-बारा हातांवर पाण्याचा एक तुकडा तांबडा दिसत होता. परातीएवढा. नीट पाहिले तो तुकडा हलत होता, उकळत्या पाण्यासारखा बुडबुडत होता. बोटाच्या पेराएवढी शेकडो तांबडी पिल्ले एका घोळक्याने वर येऊन हवा घेत होती. क्षणभराने त्यांच्या खालून एक काळे डोके सावकाश वर आले, घोट घेऊन बुडाले.

“आई आहे,” भाचा कुजबुजला. “बासही असाच पिल्ले राखतो. आता भूक असो-नसो, जवळ काही आले की ती धावणारच. टाकू?”

हे लिहिताना ‘मी त्याला अडवले’ असे लिहायला मला आवडले असते. मी म्हणालो, “टाक.”

गांडूळ घोळक्याच्या पलीकडे पडले. त्याने ते पिल्लांखालून ओढले. दोरा एकाएकी बाजूला चालू लागला, भाच्याने हिसका दिला आणि काठी कमानीसारखी वाकली. पुढची काही मिनिटे काय सांगावीत! मरळ बेशरमीत घुसली, बाहेर आली, पाण्यावर उडाली. मी लहान पोरासारखा ओरडत होतो. शेवटी ती काठाला आली. दोन किलोंची तरी असेल. भाच्याने ओल्या हातांनी तिला उचलली, फोटो काढला. मग मी धरली, त्याने माझा काढला. मग ऊन तोंडावर येत होते म्हणून आम्ही जागा बदलून आणखी एक काढला.

“आधी सोडा तिला! फोटू मागनं!”

बांधावरून भोईबाबा येत होते. सत्तरीच्या आतबाहेरचे. या तलावात मासे धरायचे तर आधी त्यांना विचारायचे, ही गावाची रीत. ती मी विसरलो होतो. त्यांनी आमच्या हातातल्या माशाकडे पाहिलेच नाही. ते पाण्याकडे पाहत होते. तेव्हा आम्हीही पाहिले. तांबडा घोळका फुटला होता. त्याच्या चारी बाजूंनी पाणी फटाफट उडत होते. चिलापीची टोळी आत शिरली होती. वरून एका खंड्याने सूर मारला, मग पुन्हा मारला.

भाच्याने मरळ पाण्यात ठेवली. एक शेपटाचा तडाखा आणि ती गेली. चिलापी पांगल्या. थोड्या वेळाने पिल्ले पुन्हा एकत्र झाली.

“परातीएवढी व्हती,” भोईबाबा उकिडवे बसत म्हणाले. “आता ताटाएवढी बी न्हाईत.”

“बाबा, मी मासा मारला नाही हो. सोडूनच देणार होतो,” भाचा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

“तुमी न्हाई मारला, लेकरा. पर राखण उठली का पाखरं कणसं सोडतेत व्हय?”

भाच्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. संध्याकाळी त्यानेच मला सांगितले की बासच्या बाबतीत तिकडे शास्त्रज्ञांनी हे पाहिले आहे. राखणारा नर थोडा वेळ जरी दूर नेला तरी दुसरे मासे पिल्लांवर तुटून पडतात. त्याने ते वाचले होते. पाहिले मात्र आज होते.

भोईबाबा रागावले नव्हते. त्यांनी विडी पेटवली आणि मग या मरळींची हकीकत सांगितली. २०१६ च्या उन्हाळ्यात तलाव पार आटला. मरळ चिखलात रुतून दिवस काढते, पण चिखल ओला असेल तोवरच. त्या वर्षी तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. पुढे पाऊस झाला, पाणी आले, पण मरळ नव्हती. तेव्हा ते राक्षसभुवनला गंगेवर गेले (गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात) आणि तेथून घागरीत घालून, एस.टी.त मांडीवर घेऊन मरळी आणल्या. कंडक्टरने घागरीचे तिकीट मागितले म्हणे! त्यांतल्या किती जगल्या, कोणास ठाऊक.

“तुम्ही पिल्लांवरची मरळ कधीच धरली नाहीत?” मी विचारले.

त्यांनी विडी विझवली. “धरली की. भात्तरच्या सालात. गंगंच्या डव्हात. आई म्हनली, आन. आनली. मागं वळून बघितलं न्हाई.”

थोडे थांबून ते म्हणाले, “तवा पोटात काय नव्हतं, भाऊ.”

आम्ही दिवेलागणीपर्यंत तेथेच बसलो. काळे डोके दोनदा वर आले. पिल्लांचा घोळका त्याच्याभोवती होता.

दुसऱ्या दिवशी बैलांची मिरवणूक मारुतीच्या देवळाला वळसा घालत असताना भोईबाबा मला गर्दीत भेटले. त्यांनी पळसाच्या पानाची पुरचुंडी हातात ठेवली. आत झुडपात अडकलेले ते जांभळे गांडूळ होते. छातीभर पाण्यात शिरून त्यांनी ते सोडवून आणले होते. “एखाद्या माशानं गिळलं तर पोटात सडायचं न्हाई हे,” ते म्हणाले. अमेरिकेत मेन राज्याच्या विधिमंडळात २०१३ साली याच कारणासाठी अशा आमिषांवर बंदी घालावी असे विधेयक आले होते, आणि ते मंजूर झाले नाही. हे मी त्यांना सांगत बसलो नाही. भाच्याने ते गांडूळ घेतले, पाकिटातली मोजली आणि तुटलेले शेपूट अजून तलावात आहे असे प्रामाणिकपणे सांगितले.

तो परत गेला. फोटो त्याने कोणाला दाखवले की नाही, ते मी विचारले नाही. पण नवरात्रात त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, “मामा, दादामामांना विचारा ना, पिल्ले दिसतात का?”

मी चकलांब्याला फोन लावला. दादा म्हणाले की परवाच भोईबाबा भेटले होते. पिल्लांचा तांबडा रंग गेला, ती आता बोटाएवढी झाली आहेत आणि आईबापांना सोडून ज्याची त्याची बेशरमीत पांगली आहेत. किती उरली असतील, असे मी विचारले.

“त्यांनी मोजली नाहीत,” दादा म्हणाले. “पण त्या अमेरिकेच्या पोराला सांगा म्हणाले, पुढच्या पोळ्याला येताना काठी आणा. पण येऊन आधी मला विचारा.”