विज्ञानकथाकाराचे भाकीत : बरोबर काय, चुकले काय?

विज्ञानकथा वाचून दाखवली की वर्गातून हमखास प्रश्न येतो, ‘सर, हे खरंच होईल का?’ ‘कुणास ठाऊक’ म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण भविष्याविषयीची कल्पना बऱ्याच अंशी तपासून पाहता येते. त्यासाठी आपण आर्थर क्लार्क यांचे उदाहरण घेऊ.

ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्लंडमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात त्यांचा एक लेख आला. क्लार्क तेव्हा ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम करीत. कथाकार म्हणून त्यांचे नाव अजून व्हायचे होते. पहिला कृत्रिम उपग्रह तर १९५७ सालचा! त्यांनी मांडले ते असे : विषुववृत्ताच्या वर फिरणाऱ्या उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात झाली, तर जमिनीवरून तो आकाशात एका जागी टांगल्यासारखा दिसेल. असे तीन उपग्रह समान अंतरावर ठेवले की जवळजवळ सारी पृथ्वी त्यांच्या टप्प्यात येईल.

त्यासाठी उपग्रह किती दूर हवा? हे गणित मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार परिभ्रमणकाळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. चंद्राची फेरी २७.३ दिवसांची, अंतर सुमारे ३,८४,००० कि.मी. आपल्याला फेरी हवी एका दिवसाची. २७.३ चा वर्ग सुमारे ७४५. त्याचे घनमूळ ९ हून किंचित जास्त. चंद्राच्या अंतराला त्याने भागले की सुमारे ४२,००० कि.मी. येतात. हे झाले पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर. त्यातून पृथ्वीची त्रिज्या, ६,४०० कि.मी., वजा केली की उरते जवळजवळ ३६,००० कि.मी. उंची. भूस्थिर उपग्रह आज तिथेच फिरत आहेत.

आमच्या मते भाकितातला हा भाग पक्का होता, कारण तो निसर्गनियमावर उभा होता. पुढचा भाग मात्र डळमळीत निघाला. क्लार्क यांच्या कल्पनेतल्या अवकाशस्थानकात माणसे राहणार होती. त्या काळच्या रेडिओ यंत्रांत काचेचे व्हॉल्व्ह असत आणि ते वारंवार जात. मग बदलायला कुणीतरी हवेच. १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मला आणि या माणसांची गरजच संपली. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकची दृश्ये ‘सिंकॉम-३’ या भूस्थिर उपग्रहाने पॅसिफिकपार पोचवली, तेव्हा त्यात कुणीही बसलेले नव्हते.

समाजाचे काय होईल, हे सांगणे याहून अवघड. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारताने अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह वापरून ‘साइट’ प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शाळेत किंवा पंचायतीत एकेक सामुदायिक संच बसवला. सकाळी शाळेसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती आणि आरोग्य. याच उपग्रहाच्या मदतीने हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षणही मिळाले. (इस्रोच्या अभियंत्यांनी एक संच कोलंबोला खुद्द क्लार्क यांच्या घरी बसवून दिला!)

उपग्रह उसना होता. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली आणि ज्या गावांजवळ जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र नव्हते, तिथले पडदे काळे झाले. स्वतःच्या ‘इन्सॅट-१ बी’साठी भारताला १९८३ पर्यंत थांबावे लागले.