भोगीचे ताट आणि कर्करोगाचे संकट

सूर्यनारायण धनु राशीतून मकर राशीत प्रवेश करतो, तो पुण्यकाल आता समीप आला आहे. कुंभारवाड्यातून सुगडे घरी येत आहेत. ऊस, बोरे, गाजरे, हरभऱ्याचे घाटे आणि गव्हाच्या ओंब्या यांनी मंडईतील पाट्या भरून गेल्या आहेत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी सातारा-सांगलीकडील घरांत पहाटेपासून बाजरीच्या भाकरीची थाप ऐकू येऊ लागते आणि घरातील वडीलधारी स्त्री मुलांना ताटावर बसवताना म्हणते, “जो न खाई भोगी, तो सदा रोगी!”

ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐकताना हसलोही. परंतु आज जवळजवळ प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत एखादे घर कर्करोगाच्या छायेत दिसते, तेव्हा या म्हणीतील तथ्य तपासून पाहावे असे आम्हांस वाटले. योगायोग असा की, मकर राशीच्या बरोबर समोर कर्क रास येते आणि या व्याधीलाही नाव मिळाले ते त्याच खेकड्याचे. गाठीपासून चहूकडे पसरलेल्या शिरा पाहून प्राचीन ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांची आठवण झाली, असे सांगतात. सूर्याला कर्केपासून मकरेपर्यंत यावयास सहा महिने लागतात. ही व्याधी मात्र शरीरात कित्येकदा दहा-वीस वर्षे मुकाट्याने वाढत असते. म्हणूनच आजच्या ताटाचा विचार उद्यासाठी नव्हे, तर वीस वर्षांनंतरच्या संक्रांतीसाठी करावयाचा आहे.

सातारा आणि सांगली हे मुळात एकाच घरचे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. दोन्हीकडे कृष्णामाई आहे आणि दोन्हीकडे पूर्वेचा अवर्षणाचा पट्टाही आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाजरी-ज्वारीवर दिवस काढले. नदीकाठाने वांगी, ऊस, हळद दिली. कोरेगावच्या बाजूने वाघ्या घेवडा दिला. भोगीचे ताट म्हणजे या साऱ्या भूमीचा एकत्र नैवेद्यच होय.

कोंड्याचे माहात्म्य

त्या ताटात काय असते? तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी आणि वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओले हरभरे, शेंगदाणे अशी सारी लेकरे कडेवर घेणारी लेकुरवाळी भाजी. आहारशास्त्राच्या दृष्टीने यातील पहिले धन म्हणजे चोथा, म्हणजेच तंतू. शंभर ग्रॅम बाजरीत तो सुमारे ११ ग्रॅम असतो, ज्वारीत सुमारे १०, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही भरत नाही. प्रौढ माणसाच्या आहारात रोज किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे असावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भोगीचे एक ताट यातील मोठा वाटा उचलते.

या चोथ्याला आपण निरुपयोगी मानत आलो, पण त्याचे कार्य फार मोठे आहे. तो मोठ्या आतड्यात पोहोचला की तेथील सूक्ष्म जीव त्याचे विघटन करतात आणि आतड्याच्या अस्तराचे पोषण करणारी द्रव्ये निर्माण होतात. मल साचून राहत नाही, घातक पदार्थांचा अस्तराशी होणारा संपर्क कमी होतो. आफ्रिकेत दीर्घकाळ सेवा केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी सुमारे अर्धशतकापूर्वी या गोष्टीकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे मोठमोठ्या पाहण्यांतूनही अखंड धान्य आणि तंतू भरपूर खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळला. जपानमधून हवाई बेटांवर वसावयास गेलेल्या कुटुंबांचा दाखलाही प्रसिद्ध आहे. तेथे राहणी आणि आहार पालटताच पुढच्या पिढ्यांत जठराचा कर्करोग घटला आणि मोठ्या आतड्याचा वाढला. रक्त तेच राहिले. रोगाची जागा बदलली.

आपल्याकडे बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवली जाते. त्या नोंदीत खेड्यांतील एकंदर प्रमाण मुंबईसारख्या महानगरापेक्षा कमी दिसत आले. याचे सारे श्रेय भाकरीला देणे शास्त्राला धरून होणार नाही. श्रम, विवाहाचे वय, अपत्यसंख्या, रोगाचे निदान होण्याची सोय अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात. परंतु भाकरी टाकून मैद्याच्या बिस्किटांकडे आणि तळलेल्या पुड्यांकडे वळणारी आपली नवी पिढी काय गमावीत आहे, याचा विचार सुज्ञ गृहिणींनी अवश्य करावा.

दाणे निवडताना

तिळगुळात, भाजीत आणि उपवासाच्या प्रत्येक पदार्थात शेंगदाणा हवाच. तो पौष्टिक आहे. मात्र ओलसर जागी साठविलेल्या दाण्यांवर एक प्रकारची बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. यकृताच्या कर्करोगाचे ते निश्चित कारण आहे. ज्याच्या शरीरात ‘ब’ प्रकारच्या काविळीचे विषाणू आहेत, त्याला तर हा धोका अनेक पटींनी वाढतो. दाणे भाजले की विष गेले, असा समज करून घेऊ नये. भाजण्याने ते पूर्णतः नष्ट होत नाही. खवट, काळसर, सुरकुतलेला वा बुरशी आलेला दाणा निवडून फेकून द्यावा, कुटात दडपू नये. आपल्या आजी सुपात दाणे पाखडून एकेक निवडीत बसत. तो कंजूषपणा नव्हता, ती कुटुंबाची राखण होती.

गुळाविषयीही दोन शब्द. गूळ साखरेपेक्षा सात्त्विक मानला तरी शरीराच्या हिशेबी तोही गोडच. तिळगुळाच्या दोन वड्यांनी कोणाचे बिघडत नाही; परंतु वर्षभर चहात, मिठाईत, बाटलीबंद पेयांत गोडाचा अतिरेक झाला की मेद वाढतो. अतिरिक्त मेदाशी तेरा प्रकारच्या कर्करोगांचा संबंध असल्याचे २०१६ मध्ये तज्ज्ञांनी नमूद केले. आणि तो चहाही कढत घशाखाली लोटू नये. पासष्ट अंशांहून अधिक उष्ण पेये अन्ननलिकेस बाधक असण्याचा संभव आहे, असे त्याच वर्षी सांगण्यात आले.

हळदीचा मान आणि मर्यादा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचा सोहळा चालतो आणि हळद म्हटली की सांगली आठवते. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीत खोल पेवे खणून हळद साठविण्याची परंपरा होती. २००५ च्या महापुराने त्यांतील कितीतरी पेवे निकामी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस अभिमान आहे.

परंतु अभिमानापोटी असत्य बोलणे हा धर्म नव्हे. हळदीतील पिवळे द्रव्य प्रयोगशाळेत कर्कपेशींवर परिणाम करताना दिसले, हे खरे आहे. मात्र पोटात घेतल्यावर ते फारच थोडे रक्तात उतरते आणि माणसाचा कर्करोग हळदीने टळतो वा बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. स्वयंपाकात हळद अवश्य असावी, ती शुद्ध आणि खात्रीची असावी. पण औषधोपचारास पर्याय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

हे आम्ही कळकळीने लिहितो, त्याला कारण आहे. आमच्या नात्यातील एक आत्याबाई अत्यंत धर्मनिष्ठ होत्या. एकादशी कधी मोडली नाही, चातुर्मासात कांदा-लसूण शिवला नाही. त्यांच्या गालाच्या आत एक व्रण झाला. त्यांनी सहा महिने हळद आणि तूप लावले आणि कोणाला सांगितले नाही. जेवताना घास एका बाजूने चावतात, हे सुनेच्या ध्यानात आले तेव्हा त्यांना मिरजेस नेले. वेळ निघून गेली होती. पुढची संक्रांत त्यांनी पाहिली नाही. “मी तर कधी वावगे खाल्ले नाही,” हे त्यांचे शब्द आजही आमच्या कानांत आहेत.

उपवास आणि मिश्री

आत्याबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांनी वावगे खाल्ले नव्हते. पण चाळीस वर्षे रोज पहाटे त्या मिश्री लावीत. कोणी तिला मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड आपल्या भागातील असंख्य माता-भगिनी दात घासण्याच्या निमित्ताने वापरतात. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. ती अन्न नव्हे, म्हणून उपवासालाही चालते! धूर न करता वापरलेली तंबाखूदेखील मुखाचा कर्करोग करते, यात आता शंका उरलेली नाही; आणि नुसती सुपारीही त्यास कारण ठरते, हे २००४ मध्ये जाहीर झाले. २०२० च्या अंदाजानुसार जगात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ७७ हजार नवे रुग्ण झाले, त्यांपैकी सुमारे १ लाख ३५ हजार एकट्या भारतात. ज्या देशात अन्नाला पूर्णब्रह्म मानतात, त्या देशात अन्नाचे प्रवेशद्वारच असे भ्रष्ट व्हावे, ही केवढी शोकांतिका!

उपवासाविषयीही विवेक हवा. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यालाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, असे भगवंतांनी सांगितले आहे. साबुदाणा बहुतांशी निव्वळ पिष्ट. त्यावर तूप, दाणे आणि तळणीचे ताट म्हणजे लंघन नव्हे. त्यापेक्षा वरी, राजगिरा, रताळे, फळे आणि ताक यांवर उपवास करावा. व्रतही घडेल आणि देहही राखला जाईल.

सूर्याची उपासना

संक्रांत हा सूर्याचा सण. सूर्यनमस्काराचा गावोगाव प्रसार करणारे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी याच भूमीतील औंधचे. त्यांच्या संस्थानातील औंध आज साताऱ्यात, तर आटपाडी सांगलीत आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेले चाफळ, मसूर, उंब्रज, बहे, शिराळा येथील मारुतीही दोन्ही जिल्ह्यांना बलोपासनेचा एकच धडा देतात. नियमित व्यायामाने मोठ्या आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, असे आजचे शास्त्र सांगते. भाकरी पूर्वजांची आणि बैठक गादीवरची, असा मेळ जमणार नाही.

तात्पर्य, म्हण खोटी नाही आणि अक्षरशः खरीही नाही. कर्करोगांपैकी सुमारे तीस ते पन्नास टक्के टाळता येण्यासारखे आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. उरलेले कोणाच्या पापाने वा पथ्य मोडल्याने होत नाहीत. म्हणून रुग्णास बोल लावू नये. आहार हा धोका कमी करतो, अभयदान देत नाही. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, स्तनातील गाठ, शौचावाटे रक्त, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत दिवस दवडू नयेत. तिशी उलटलेल्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीची सोय सरकारी आरोग्य केंद्रांत केलेली आहे. मिरज आणि कराड येथे उपचारही होतात. लवकर गेलेला रुग्ण बहुधा घरी परततो.

यंदाच्या हळदीकुंकवाला काय वाण लुटावे, असा प्रश्न घरोघरी चालला असेल. आमची एक नम्र सूचना आहे. आरसा-फणी हे सौभाग्याचे जुने लेणे. यंदा सवाष्णींना एक लहानसा आरसा वाणात द्यावा आणि देताना सांगावे, “बाई, महिन्यातून एकदा उन्हात उभी राहून यात कुंकू पाहा, आणि तोंड उघडून आतही पाहा. आणि मिश्रीची डबी या संक्रांतीला सोड.” तिळगुळासोबत एवढे एक कडू बोल बोललो, तर सूर्यनारायण रागावणार नाही.