दांडा हलवला म्हणजे ग्रीसिंग झाले?

दारात जुनी अँबॅसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा विलीज जीप असेल, तर गाडीखाली शिरून नीट ग्रीस मारणारा माणूस आता शोधावा लागतो. नव्या गाड्यांचे बहुतेक सांधे कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले असतात, त्यामुळे रॅम्पवरच्या तरुण कारागिराचा निपलशी संबंध क्वचितच येतो. मग मालक स्वतःच ग्रीस गन विकत आणतो, आणि तिच्यासोबत भरपूर ऐकीव माहितीही गोळा करतो.

निपल म्हणजे किंगपिनवर, पाट्यांच्या शॅकलवर, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर बसवलेले छोटे बोंड. त्याच्या तोंडाशी स्प्रिंगवर टेकलेली पोलादी गोळी असते. दाब आला की ती मागे सरते, ग्रीस आत जाते. दाब थांबला की ती जागेवर येऊन तोंड बंद करते. आज सर्रास दिसणाऱ्या या निपलचे अमेरिकन पेटंट ऑस्कर झर्क यांना 1929 मध्ये मिळाले. वस्तू इतकी साधी, तरी तिच्याभोवतीचे गैरसमज चिवट आहेत.

‘गन भरली आहे, तरी ग्रीस येत नाही, म्हणजे गन खराब.’

दहापैकी नऊ वेळा गन ठीक असते, आत हवा अडकलेली असते. ग्रीस दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे दांडा कितीही हलवला तरी हवेचा तो बुडबुडा नुसता आकसतो आणि पुन्हा फुगतो.

आपल्याकडे बहुतेक लोक डब्यातले सुटे ग्रीस वापरतात. त्यासाठी गनचे डोके फिरवून काढा, नळीचे उघडे तोंड ग्रीसमध्ये चांगले बुडवा आणि मागची सळई सावकाश ओढा. घाई केली किंवा तोंड मध्येच वर आले की हवा शिरलीच. चमच्याने ग्रीस भरणारे पोकळ्याही भरत असतात. भरायचेच तर थोडे थोडे, दाबून भरा. 400 ग्रॅमचे तयार काडतूस वापरत असाल तर आधी सळई ओढून खाचेत अडकवा. काडतुसाचे प्लॅस्टिकचे झाकण काढून ती बाजू आधी नळीत सरकवा, मग बाहेर राहिलेल्या टोकाचे पत्र्याचे सील ओढून काढा आणि डोके बसवा. पुष्कळ गन दोन्ही प्रकारे चालतात, पण सुट्या ग्रीसवरून काडतुसावर येताना आतल्या रबरी वाटीची कड उलटी करावी लागते. हे पुस्तिकेत लिहिलेले असते आणि पुस्तिका खोक्याबरोबर फेकलेली असते.

आता हवा काढायची. डोके एक-दोन आटे सैल ठेवा, सळई खाचेतून सोडून हाताने आत दाबा आणि तोंडातून सलग ग्रीस येईपर्यंत दांडा हलवा. मग डोके घट्ट करा. काही गनना हवा काढायची वेगळी कळ असते, तिथे काम आणखी सोपे.

‘जितके जास्त ग्रीस, तितके चांगले.’

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होते. याच्या उलट ‘दोन-तीन दाब पुरे’ म्हणणारेही आहेत. हाताच्या गनच्या एका दाबात साधारण एक ग्रॅमच्या आसपास ग्रीस येते. पण दाब मोजून काही कळत नाही, कारण प्रत्येक सांध्याची भूक वेगळी. नजर ठेवायची ती ग्रीस बाहेर कुठून येते यावर.

किंगपिन आणि शॅकल हे उघडे सांधे. तिथे जुने, काळे, धूळ खाल्लेले ग्रीस बाहेर पडून मागोमाग नवे स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारायचे आणि बाहेर आलेले चिंधीने पुसून टाकायचे. ग्रीसिंगचा निम्मा उद्देश घाण बाहेर ढकलणे हाच असतो. विलीज जीपच्या जुन्या पुस्तिकांत शॅसीचे ग्रीसिंग दर 1,000 मैलांनी, म्हणजे सुमारे 1,600 किलोमीटरला सांगितले आहे, ते त्यासाठीच. पण गाडी चाकांवर उभी असताना सगळे वजन पिनेच्या एका बाजूला दाबलेले असते आणि ग्रीस मोकळ्या बाजूने निघून जाते. जिथे झीज होते ती बाजू कोरडीच! म्हणून गाडी उचलून चाक लटकते ठेवा, स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवत ग्रीस मारा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. शॅसीखाली स्टँड हवाच.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला चार टोप्या असतात आणि चारही टोप्यांतून ग्रीस डोकावायला हवे. तीन टोप्यांतून आले म्हणून थांबलात, तर चौथीतले बारीक रोलर कोरडे राहतात आणि पुढे तोच क्रॉस खडखड करू लागतो. टाय रॉड एंडला मात्र रबरी टोपी असते. ती किंचित फुगताना दिसली की हात थांबवा. टोपी फाटली तर पाणी आणि चिखल थेट सांध्यात. चाकाच्या हबचे तर गनशी कामच नाही: बेअरिंग काढून, धुऊन, हाताने रोलरांमध्ये ग्रीस दाबायचे आणि हबच्या पोकळीत जागा मोकळी ठेवायची. ठासून भरलेले ग्रीस घुसळले जाऊन तापते, सील ओलांडते आणि ब्रेकच्या लायनिंगवर जाते. ब्रेक लागेनासे झाल्यावर लोक ब्रेकला दोष देतात.

ग्रीस घेतच नसलेल्या निपलवर जोर काढण्यात अर्थ नाही. ते खोलून रॉकेलमध्ये बुडवा, गोळी टाचणीने दाबून बघा, नाहीतर बदलून टाका. स्वस्त वस्तू आहे, फक्त आटे जुळवून घ्या. मारण्यापूर्वी निपल पुसणे तर सक्तीचेच, कारण न पुसलेली रेती गन इमानाने आत पोचवते. गनचे तोंड काढताना सरळ ओढू नका, थोडे तिरके करा, सहज सुटते.

‘ग्रीस म्हणजे ग्रीस, कुठलेही चालते.’

ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. वंगणाचे खरे काम ते तेल करते. त्यामुळे डब्यात वर थोडे तेल सुटलेले दिसले म्हणून ग्रीस खराब ठरत नाही, ढवळून वापरा. गन ठेवून देताना सळई मागे ओढून अडकवली तर स्प्रिंगचा दाब उतरतो आणि तेल कमी सुटते.

शॅसीसाठी साधारणपणे एनएलजीआय क्रमांक 2 चे ग्रीस लागते. हा क्रमांक फक्त घट्टपणा सांगतो, दर्जा नव्हे. रंगावरूनही काही ठरवू नका. लाल, निळा, हिरवा हा बहुधा मिसळलेला रंग असतो. काळे ग्रीस मात्र बहुधा मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्रॅफाइटमुळे काळे असते. मॉलिब्डेनमवाले शॅकलसारख्या घासणाऱ्या सांध्यांना उत्तम. खरी गोची जाळीची आहे. लिथियमच्या ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीचे किंवा सोडियम साबणाचे ग्रीस मिसळले तर मिश्रण पातळ होऊन गळून जाऊ शकते. पन्नास वर्षांच्या गाडीत आधी कोणी काय भरले हे सांगणार कोण? म्हणून पहिल्या वेळी जुने सगळे बाहेर येईपर्यंत मारा आणि पुढे एकाच जातीचे वापरा.

‘निपल आहे तिथे ग्रीसच.’

स्टँडर्ड हेराल्डवाल्यांनी हे नीट वाचावे. ब्रिटनच्या ट्रायम्फ हेराल्डची ही मद्रासला 1961 पासून बनलेली बहीण. तिच्या पुढच्या चाकांच्या खालच्या ट्रनियनमध्ये 90 क्रमांकाचे हायपॉइड गिअर तेल घालायला सांगितलेले आहे. ग्रीस आट्यांमध्ये पुरेसे झिरपत नाही, पाणी साचते, उभा लिंक गंजतो आणि एक दिवस वळणावर तुटून चाक आडवे होते. तेल घालतात ग्रीस गननेच, पण त्यासाठी वेगळी गन ठेवा. 1929 च्या रोल्स-रॉइस फँटम टू मध्ये तर शॅसीच्या सांध्यांना तेल पोचवणारी बिजूर पद्धतीची मध्यवर्ती व्यवस्थाच होती. रबरी बुश कुरकुरतो म्हणून त्यावर ग्रीस फासणे हाही तोटाच. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते.

‘ग्रीसने काय होणार? बोट पुसले की झाले.’

गाडीच्या टायरमध्ये साधारण 30 पीएसआय हवा असते. हाताने चालवायच्या साध्या गनचा दाब काही हजार पीएसआयपर्यंत जातो. तुंबलेल्या गनच्या तोंडावर बोट धरून ‘येतंय का’ बघणे, किंवा चिरलेल्या होजला हाताने दाबून काम चालवणे, यात ग्रीस कातडीतून आत घुसू शकते. बाहेर टाचणीएवढे भोक दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र ग्रीस बोटाच्या नसांभोवती पसरत असते, आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. असे झाले तर हळद लावून घरी थांबू नका. त्याच तासात मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, ग्रीस दाबाने आत शिरले आहे असे स्पष्ट शब्दांत सांगा आणि ग्रीसचा डबा बरोबर न्या.