स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल

स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल हा अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रम १७ नोव्हेंबर १९७८ रोजी सीबीएस वाहिनीवरून प्रसारित झाला. चुबाका हा वूकी 'लाइफ डे' या सणासाठी घरी परततो, एवढेच त्याचे कथानक आहे. त्यात मध्येमध्ये गाणी व प्रहसने असून वूकींच्या लांबलचक संवादांना उपशीर्षकेही नाहीत.

संपूर्ण कार्यक्रम व्हिडिओ कॅसेट किंवा डीव्हीडीवर अधिकृतपणे कधीही विक्रीस आला नाही. काही प्रेक्षकांनी प्रसारणाच्या वेळी घरच्या रेकॉर्डरवर तो मुद्रित केला आणि त्या फितींच्या विनापरवाना प्रती संग्राहकांमध्ये फिरत राहिल्या. प्रतीवरून प्रत काढताना ॲनालॉग फितीवरील चित्र दरवेळी धूसर होते व रंग पसरतात. म्हणून मूळ मुद्रणाच्या जितकी जवळची प्रत, तितके तिचे मोल अधिक. काही प्रतींत त्या रात्रीच्या जाहिराती आणि स्थानिक केंद्राच्या बातम्यांच्या झलकाही टिकून आहेत. अधिकृत आवृत्ती निघाली असती तर बहुधा त्या वगळल्या गेल्या असत्या.

कॅनडातील नेल्वाना स्टुडिओने केलेला सचेतपटाचा भाग मात्र २०११ च्या ब्लू-रे संचात समाविष्ट झाला. बोबा फेट हे पात्र पडद्यावर प्रथम याच भागात दिसले होते.